जुन्या वाड्याच्या परसात बाटल्यांसाठी खोदायचे आहे: परवानगी कोणाची, आणि निघेल ते कोणाचे?

काचकोपरा

जुन्या नाशकात एक वाडा पाडायला काढला आहे. परसात बुजवलेला आड आहे आणि त्याला लागून राखेचा, खापऱ्यांचा भराव. पावसाने वरची माती वाहून गेली तिथे गोटी सोड्याच्या दोन बाटल्यांची तोंडे उघडी पडली आहेत. शेजारी गर्द निळ्या काचेचा, उभ्या रेघा असलेला एक तुकडा आहे. तो बहुधा विषारी औषधाच्या बाटलीचा. मालकांपैकी एका भावाने "खुशाल खणा" असे तोंडी सांगितले आहे. पाडकामाचा ठेका दिला गेला आहे आणि पंधरा दिवसांत जेसीबी परसात शिरेल.

एका भावाचा तोंडी होकार पुरतो का? बाटल्या निघाल्या तर त्या कोणाच्या: खणणाऱ्याच्या, वाडेमालकाच्या, ठेकेदाराच्या की सरकारच्या? शंभर वर्षांपेक्षा जुनी बाटली घरात ठेवणे गुन्हा आहे का? वाड्यानंतर देवळाली कॅम्पच्या नाल्याकाठी, इगतपुरीला रेल्वेच्या जुन्या बंगल्यांमागे किंवा गोदेच्या पात्रात शोधायचे असेल तर अर्ज कोणाकडे करावा? परदेशी व्हिडिओंत लोक जुन्या संडासांचे खड्डे खणतात. तसे आपल्याकडे असते का?

सातबारा_वाचक

एका भावाचा होकार पुरत नाही, आणि तोंडी तर मुळीच नाही. गावठाणातल्या वाड्याला सातबारा नसतो, म्हणून आधी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. तिच्यावर जितकी नावे, तितक्या सह्या हव्यात. एखादे नाव मयत असेल आणि वारस नोंद झालेली नसेल तर त्या वारसांच्याही. जुन्या वाड्यांत हिस्सेदारीची भांडणे मुरलेली असतात. बाकीच्यांना न विचारता एकाने तुम्हाला आत घेतले की दुसरा भाऊ तुमच्याविरुद्ध तक्रार करून मुळात आपल्या भावावर दबाव आणतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली फौजदारी स्वरूपाच्या अतिक्रमणाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. लेखी संमती हातात असली की तुमचा हेतू स्वच्छ होता हे दाखवायला कागद मिळतो.

मालक आणि ताबेदार वेगळे असू शकतात. परस ज्याच्या वापरात आहे असा जुना भाडेकरू अजून आत राहत असेल, तर त्याचीही सही घ्या. कोर्टात दावा चालू असून "जैसे थे" चा आदेश असेल तर सगळ्या सह्या असूनही कुदळ लावू नका. आदेशाचा भंग होईल आणि त्यात तुम्हीही ओढले जाल. विकसन करारनामा झाला असेल तर ताबा बिल्डरकडे गेला आहे का, हे त्या करारात बघा. गेला असेल तर त्याची सही सगळ्यात आधी.

आता ठेकेदार. हा मुद्दा लोक हमखास विसरतात. वाड्याचे पाडकाम बहुतेकदा असे ठरते की ठेकेदार पाडून, जागा साफ करून देतो. त्या बदल्यात सागवानी खांब, तुळया, दारे-खिडक्या, विटा आणि घडीव दगड तो नेतो, आणि मालकाला वर ठरलेली रक्कम देतो. करारात "जागेवरील सर्व जुना माल" असे मोघम लिहिलेले असते. जमिनीखालचेही त्यात येते असे ठेकेदार म्हणू शकतो. म्हणून मालक आणि ठेकेदार या दोघांच्या सहीने एक ओळ लिहून घ्या: जमिनीखालील काचेच्या व चिनी मातीच्या वस्तू ठेक्यात धरलेल्या नाहीत.

शहराबाहेर शेतात खणायचे असेल तर सातबारा ऑनलाइन काढा. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. भोगवटादारांच्या नावांबरोबर "इतर हक्क" चा रकानाही नीट वाचा. कूळ, बोजा, देवस्थान इनाम, सगळे तिथे कळते. गायरान असेल तर सरपंचाचे पत्र पुरत नाही. गायरानाची देखभाल ग्रामपंचायत करते पण जमीन सरकारची असते, त्यामुळे अर्ज तहसीलदारांकडे.

एक पथ्य सगळीकडे पाळा: माती आणि मुरूम जागेबाहेर नेऊ नका. विनापरवाना गौण खनिज उचलले तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि गाडीही जप्त होते. चाळणी लावायची ती खड्ड्याच्या काठावरच लावा, आणि चाळलेली माती परत त्याच खड्ड्यात घाला.

निखात

"निघेल ते कोणाचे" याचे उत्तर १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमात आहे. या कायद्यात निधी म्हणजे नुसते सोने-नाणे नाही. जमिनीत किंवा जमिनीशी जोडलेल्या कशात दडलेली, काहीही मोल असलेली कोणतीही वस्तू म्हणजे निधी. तिचे मोल दहा रुपयांपेक्षा जास्त असेल तर सापडवणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. दहा रुपयांची ही मर्यादा १८७८ पासून तशीच आहे, त्यामुळे एक धड बाटलीसुद्धा तिच्या वर जाते.

पत्रात तीन गोष्टी हव्यात: वस्तूंचे स्वरूप व अंदाजे मोल, सापडल्याचे ठिकाण, सापडल्याची तारीख. त्याशिवाय वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागाल तेव्हा हजर करू याची हमी द्यायची. बाटल्यांच्या बाबतीत हमी लिहून देणेच सोयीचे. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक विभागात दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पुढे जिल्हाधिकाऱ्यांना वाटले तर ते जाहीर सूचना काढतात. सुनावणीची तारीख त्या सूचनेनंतर चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान असते. वस्तू बेवारस ठरली आणि जागामालकाचा हक्क मान्य झाला, तर दोघांत आधी ठरले असेल तशी वाटणी होते. काहीच ठरले नसेल तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागामालकाला. म्हणूनच वाटणी संमतिपत्रातच लिहा.

न कळवल्यास आपला हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ओळख लपावी म्हणून वस्तूत फेरफार करणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. त्यामुळे पत्र जाईपर्यंत अॅसिडने धुणे, काच घासून पॉलिश करणे, चिकटलेले लेबल काढणे यातले काही करू नका. साध्या पाण्याने माती काढा आणि पट्टीसह फोटो काढून ठेवा. बाटली उभी, तळ, तोंड आणि काचेवरची उठावाची अक्षरे, असे चार फोटो पुरतात.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावशेषांचा. शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी, इतिहासाच्या, कलेच्या, कारागिरीच्या दृष्टीने महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरते. हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. नोंदणी मात्र अधिसूचित प्रकारांनाच लागते: दगड, भाजलेली माती, धातू, हस्तिदंत, हाड व लाकूड यांची शिल्पे, चित्रे, सचित्र हस्तलिखिते. काचेची बाटली त्या यादीत नाही, म्हणजे ती घरात ठेवणे गुन्हा नाही. पण पुरावशेष विकण्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो, आणि देशाबाहेर पाठवायला खाजगी माणसाला पूर्ण बंदी आहे. निर्यातीला किमान सहा महिने, कमाल तीन वर्षे कैद आणि वर दंड आहे. ऑनलाइन लिलावातून परदेशी ग्राहकाला कुरिअर केले तर हेच कलम लागते. वस्तू शंभरीच्या आतली आहे अशी खात्री असली तरी पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या.

धागा_उसवणारा

दडलेली म्हणजे कुणीतरी दडवलेली. उकिरड्यावर फेकलेली बाटली "दडलेली" कशी? प्रत्येक फुटक्या दौतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहायचे का?

निखात

फुटक्या तुकड्यांसाठी नको. धड निघालेल्या सगळ्यांची एकच यादी, काम संपल्यावर एकदाच द्या. फेकलेले आणि दडवलेले यात फरक करता येतो, तुमचा युक्तिवाद वकील कोर्टात मांडू शकेल. पण तो फरक ठरवण्याचे काम सापडवणाऱ्याचे नाही. त्याच भरावात उद्या चांदीचा डबा निघाला तर बाटल्या कळवल्या नव्हत्या, एवढ्यावरूनच तुमच्यावर संशय येतो. एक पानाचे पत्र आणि आवक शिक्का, यापलीकडे खर्च नाही.

वयाबद्दलही सांगतो, कारण शंभरीची रेषा ओळखता आली पाहिजे. गोटी सोड्याची बाटली दिसली की लगेच जुनी समजू नका. हायरम कॉड यांचे पेटंट १८७२ चे, पण आपल्याकडे तशी बाटली अजून बनते. साच्याची शिवण बघा. ती तोंडाच्या कडेपर्यंत चढली असेल तर बाटली यंत्रावर झालेली, म्हणजे विसाव्या शतकातली. ओवेन्स यांचे स्वयंचलित यंत्र १९०३ चे. शिवण मानेपाशीच थांबली असेल तर तोंड हाताने घडवलेले. विलायती बाटलीत ही खूण बहुधा पहिल्या महायुद्धाच्या आसपासची किंवा आधीची समजतात. देशी कारखान्यांत मात्र हातकाम पुढेही बराच काळ चालले, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, ओगलेवाडीचा १९१६ चा. म्हणजे देशी काचही आता शंभरीत शिरली आहे.

राख_आणि_खापरी

संडासाच्या खड्ड्यांचे विचारलेत. आपल्या जुन्या वस्त्यांत टोपलीचे संडास होते. मैला रोज माणसांकडून, अत्यंत अमानुष पद्धतीने, उचलून नेला जायचा. खोल खड्डा नसायचा, त्यामुळे त्यात वर्षानुवर्षे बाटल्या साठण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय बाटली फेकण्याची वस्तू नव्हती. तेल, रॉकेल, औषध भरून पुन्हा वापरायची, नाहीतर बाटलीवाल्याला विकायची. म्हणून वाड्यांत माल मिळतो तो तीन जागी: बुजवलेल्या आडात, परसातल्या उकिरड्यात आणि धान्य साठवायच्या बळदात किंवा पेवात ओतलेल्या भरावात. तुमची राख-खापऱ्यांची जागा योग्य दिसते. छावणी आणि रेल्वे वसाहतीत बाटल्या जास्त टाकल्या गेल्या, म्हणून सगळ्यांचे लक्ष तिकडे जाते. पण परवानगीची अडचणही तिथेच सगळ्यात मोठी.

देवळाली कॅम्प: तिथल्या अनेक जुन्या बंगल्यांत इमारत रहिवाशाची आणि जमीन संरक्षण खात्याची असते. रहिवाशाने हो म्हटले म्हणजे जमिनीने हो म्हटले असे नाही. छावणी मंडळातून जीएलआर (जनरल लँड रजिस्टर, म्हणजे छावणीतल्या जमिनींची नोंदवही) उतारा घेऊन जमीन कोणाच्या नावावर आहे ते पाहा. लष्करी हद्द, तोफखान्याचा सरावाचा माळ आणि त्याच्या कडेचे नाले पूर्ण वर्ज्य. निषिद्ध ठिकाणी शिरणे शासकीय गुपिते अधिनियमाखाली येते, आणि न फुटलेला गोळा कुदळीची वाट बघत पडलेला असतो. खाजगी जागेतही जुनी काडतुसे निघू शकतात. जिवंत काडतूस आठवण म्हणून खिशात घालणे शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे. हात न लावता ११२ ला फोन करा.

इगतपुरी: रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरण्याला रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्शुला, ही जुनी रेल्वे कंपनी) अशी अक्षरे असलेली वस्तू, मग ती चिनी मातीचा इन्सुलेटर का असेना, तुमच्याकडे सापडली तर रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याचा प्रश्न येतो. तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका. हद्दीबाहेरच्या खाजगी शेतांचे सातबारे बघा, उतारावरून वाहून आलेला माल बांधांपाशी अडकतो.

गोदापात्र: वाळू-माती गौण खनिज आहेच, शिवाय गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पाणी फार झपाट्याने चढते. नाशिककर ज्यावरून पुराची पातळी जोखतात त्या दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी दिसू लागेपर्यंत थांबायचे नसते. रामकुंडाच्या परिसरात तर खणूच नका. लोक तिथे आपल्या माणसांच्या अस्थी सोडतात. नियम नसता तरी ती जागा खणण्याची नाही.

मातीची गढी: जुन्या नाशकातली ही गढी केंद्राने संरक्षित केलेली आहे. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी नाशिकला उत्खनन केले आणि या गावाची वस्ती किती मागे जाते ते दाखवले. संरक्षित क्षेत्रात खणणे बंद. हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र. पांडवलेण्यांनाही तेच. तुमचा वाडा या ३०० मीटरांत येतो का हे आधी मोजा आणि येत असेल तर लेखी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. राज्य पुरातत्त्व विभागाचे नाशिकचे कार्यालय सरकारवाड्यात आहे, तिथून सुरुवात करा.

आणि वाड्याच्या भरावाखाली काळी-तांबडी खापरे, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मणी, भाजलेल्या मातीच्या मूर्ती असा थर लागला तर तिथेच थांबा. तो बाटल्यांच्या काळापेक्षा फार जुना थर आहे. तो एकदा विस्कटला की कोणालाच परत वाचता येत नाही.

काचकोपरा

मोजले: गढीपासून ३०० मीटरच्या बाहेर आहे. मिळकत पत्रिकेवर चार नावे, चौघेही नाशकातच. जेसीबी यायला आता बारा दिवस उरले. दिवसा पाडकामाची माणसे असतात, म्हणून रात्री हॅलोजन लावून आडातून काढावे असा विचार आहे. आड वीसेक फूट असावा.

पहार_घमेले

रात्री नको आणि आडातही नको. दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी.

रात्री परसात उजेड, कुदळीचा आवाज, तीन-चार माणसे: शेजाऱ्यांच्या मनात पहिला शब्द येतो गुप्तधन. मग पोलीस येतात, जमाव त्याआधी येतो. आपल्या राज्यात गुप्तधनासाठी झालेले प्रकार इतके वाईट आहेत की लोकांचा संशय समजण्यासारखा आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी लागली. सकाळी आठ ते पाच हीच वेळ ठेवा. आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात माहितीचे पत्र द्या, खेड्यात असाल तर पोलीस पाटील आणि सरपंचांना. संमतिपत्राची प्रत खड्ड्याशेजारी पिशवीत ठेवा. अमावास्या टाळा, नारळ-लिंबू-हळदकुंकू जागेवर नको, अगदी कामाच्या शुभारंभालाही नको.

आडाचे: बुजवलेल्या आडात भराव सैल असतो आणि मध्ये पोकळी राहिलेली असते. वरून घट्ट वाटणारी माती माणसासकट खाली बसते. कुजलेल्या भरावात प्राणवायू कमी असतो. पहिला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. आडात कोणीच उतरायचे नाही. ठेकेदाराचा जेसीबी येणारच आहे, त्याच्याशी बोलून ठेवा: आडाचा भराव बादलीने थराथराने काढून मोकळ्या जागी पसरायचा, आणि तुम्ही तो पसरलेला भराव हाताने निवडायचा. चालकाला तासाच्या दराने वेगळे पैसे द्या म्हणजे तो घाई करत नाही. काही बाटल्या फुटतील. ते चालेल.

बारा दिवस उकिरड्यावर घालवा. ८ बाय ८ फुटांची जागा आखा. खणण्याआधी महावितरणची केबल, नळ आणि गॅसची लाइन कुठून जाते ते मालकाला आणि महापालिकेच्या विभागीय कार्यालयात विचारा. कॉल बिफोर यू डिग हे सरकारी अॅपही आहे. टिकाव फक्त वरच्या एक फुटाला. पुढे खुरपे आणि हाताची लाकडी फळी. पहार मारली की पहिला घाव बाटलीवरच बसतो. निघालेली माती काठापासून निदान तीन फूट लांब टाका, नाहीतर तिच्या भाराने कड आत ढासळते. राखेचा भराव स्वतःच्या वजनाने उभा राहत नाही, म्हणून चार फुटांखाली उभ्या भिंतीत जाऊ नका. खोल जायचेच असेल तर पायऱ्या काढत रुंद व्हा. काळी माती ओली असताना अजिबात नको. रात्री खड्ड्याभोवती दोरी आणि फळ्या हव्यात. पाडकामाच्या मजुरांची पोरे आवारात खेळतात.

चामड्याचे हातमोजे आणि बंद बूट घाला, धनुर्वाताचे इंजेक्शन आधी घेऊन ठेवा. निळी किंवा हिरवी, रेघा असलेली, बूच लागलेली बाटली निघाली तर उघडू नका, हुंगू नका, आणि आतले मोरीत ओतू नका. ती उभी, वाळूच्या बादलीत बाजूला ठेवा. हाडे दिसली आणि ती जनावराची आहेत याची खात्री नसेल तर काम थांबवून पोलिसांना कळवा.

काचकोपरा

रात्रीचे रद्द. आडाबद्दल ठेकेदाराशी बोलतो. संमतिपत्राचा मजकूर कोणी देईल का?

सातबारा_वाचक

हा घ्या. साध्या कागदावरही संमती ठरते, पण ठेकेदार आणि वाटणी दोन्ही यात असल्याने ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करा.

"आम्ही खाली सही करणार, नगर भूमापन क्रमांक ____ या मिळकतीचे सर्व सहमालक, श्री./श्रीमती ____ यांस सदर मिळकतीच्या परसात आडालगतच्या ८ फूट बाय ८ फूट जागेत, ४ फूट खोलीपर्यंत, दि. ____ ते दि. ____ सकाळी ८ ते सायंकाळी ५ या वेळेत हातहत्यारांनी खोदण्यास, तसेच ठेकेदाराने आडातून काढलेला भराव निवडण्यास संमती देत आहोत. मिळकतीबाबत कोणत्याही न्यायालयाचा मनाई आदेश नाही. माती जागेबाहेर नेली जाणार नाही व काम संपताच खड्डा बुजवला जाईल. निघालेल्या काचेच्या व चिनी मातीच्या वस्तू पाडकामाच्या ठेक्यात समाविष्ट नाहीत. धड वस्तूंची यादी उभय पक्षांच्या सहीने करून जिल्हाधिकारी, नाशिक यांना कळवली जाईल; त्यांच्या निर्णयानंतर वाटणी ____ प्रमाणे होईल. नाणी, धातूच्या वस्तू, मूर्ती वा कोरीव दगड आढळल्यास काम त्वरित थांबवून त्याच दिवशी कळवले जाईल. खोदणाऱ्यांच्या इजेची जबाबदारी खोदणाऱ्यांची राहील."

खाली चौघा मालकांच्या, असेल तर भाडेकरूच्या, ठेकेदाराच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. सोबत मिळकत पत्रिकेची प्रत आणि आखलेल्या चौकोनाचा हाताने काढलेला नकाशा जोडा, त्यावर आडापासूनचे आणि कुंपणभिंतीपासूनचे अंतर फुटांत लिहा. बारा दिवसांत चौघांच्या सह्या जमत नसतील तर ज्याची सही अडली आहे त्याच्याकडे मालकांपैकीच कोणाला पाठवा, तुम्ही जाऊ नका.